जुन्या ऑफिस पीसीवर बाल्डर्स गेट ३ : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५ : मशीन आणि मोजमाप

मशीन डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, मिनी टॉवर. कंपन्यांनी लॉटमध्ये विकलेले आणि 'रिफर्बिश्ड' म्हणून लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत मिळणारे जे पीसी, त्यातलाच हा एक. आत आय५-४५९० (चार कोर, चार थ्रेड म्हणजे एकावेळी चार कामं, ३.३ ते ३.७ गिगाहर्ट्झ), ८ जीबी डीडीआर३ची एकच स्टिक, ५०० जीबीची हार्ड डिस्क, २९० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). ग्राफिक्स कार्ड नाही.

गेम लारियन स्टुडिओजचा बाल्डर्स गेट ३, पीसीवर ३ ऑगस्ट २०२३ला आलेला. कंपनीने दिलेली किमान गरज: आय५-४६९० किंवा एफएक्स ८३५०, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४८०, १५० जीबी जागा, आणि एसएसडी आवश्यक. म्हणजे आपला प्रोसेसर किमान रेषेच्या किंचित खाली, रॅम जेमतेम रेषेवर, आणि ग्राफिक्स कार्ड व एसएसडी तर नाहीतच.

लक्ष्य: १०८०पी मॉनिटरवर सेकंदाला सलग ३० फ्रेम (चित्रं), तिसऱ्या अंकातल्या शहरासकट. ६०चा नाद धरायचा नाही. लढाई टर्न-बेस्ड आहे, निशाणा साधायचा नाही, त्यामुळे ३०वर काही अडत नाही. खेळ नासतो तो मध्येच अर्धा सेकंद चित्र गोठल्याने, आणि असं गोठणं सरासरी फ्रेमरेटमध्ये दिसत नाही. म्हणून मोजताना फ्रेमटाइमचा (प्रत्येक चित्राला लागलेल्या वेळेचा) आलेख बघायचा, आकडा नंतर.

तपासणीसाठी तीन सेव्ह (खेळाच्या जतन केलेल्या स्थिती) ठेवले: नॉटिलॉइड जहाज कोसळल्यानंतरचा समुद्रकिनारा, एमराल्ड ग्रोव्ह, आणि लोअर सिटी, म्हणजे तिसऱ्या अंकातलं शहर. सेव्ह दुसऱ्या मशीनवरून आणता येतात. युजरच्या फोल्डरमधल्या ॲपडेटा, मग लोकल, मग लारियन स्टुडिओज अशा वाटेने गेलं की प्लेयरप्रोफाइल्समध्ये ते सापडतात. किनाऱ्यावर चार खेकडे आणि वाळू आहे, तिथे चांगले फ्रेम मिळाले म्हणून गेम चालला असं धरणाऱ्यांची पंचाईत साठेक तासांनी होते. शहराचा सेव्ह पहिल्या दिवसापासून हाताशी हवा.

९ नोव्हेंबर : धूळ, पेस्ट, सेल

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरायची, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. एसएमपीएस उघडायचा नाही, जाळीतूनच हवा मारायची.

हीटसिंक काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवलं. दहा वर्षांची वाळलेली पेस्ट गरम झाल्यावर सुटते, थंड असताना ओढाताण करावी लागते. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध चार-पाच मिलिमीटरचा थेंब ठेवला, स्क्रू तिरपे समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. हॅसवेल पिढीच्या या प्रोसेसरमध्ये धातूच्या झाकणाखालीही सोल्डर नसून पेस्टच असते, त्यामुळे बाहेरून कितीही चांगली पेस्ट लावली तरी तापमान फार खाली येत नाही. पूर्ण लोडवर ९५ अंशांच्या आसपास होतं ते सत्तरीच्या घरात आलं. मर्यादा १०० अंशांची आहे, तिथे पोचलं की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि दोष गेमवर येतो. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते, हे धरून आजच मोकळीक ठेवलेली बरी.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेलही बदलला. तो उतरला की बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि मग स्टीममध्ये (जिथून गेम उतरतो ते ऑनलाइन दुकान) लॉगिनच होत नाही, कारण चुकीच्या तारखेमुळे सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात. लोक अशा वेळी राउटर बदलतात.

बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) शेवटच्या आवृत्तीवर नेलं. पुढे प्रोसेसर बदलायची वेळ आली तर हे आधी झालेलं हवं.

१५ नोव्हेंबर : रॅम

८ जीबीत विंडोज आणि स्टीम मिळून अडीच-तीन जीबी खातात. उरलेल्यात गेम मावत नाही, मग पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) हार्ड डिस्कवर घासत बसते. १६ जीबी ही इथे चैन नव्हे.

नुसती ८ची दुसरी स्टिक लावूनही १६ होतात, पण दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलवर हव्यात. मदरबोर्डवर स्लॉटशेजारी १ आणि २ छापलेलं आहे, त्या जोडीत लावायच्या. मग एफ२ दाबून बायोसमध्ये मेमरीच्या पानावर चॅनल मोड 'ड्युअल' दिसतो का ते बघायचं. सिंगल चॅनलवर डीडीआर३-१६००ची क्षमता १२.८ जीबी प्रति सेकंद, ड्युअलवर २५.६. गर्दीच्या जागी प्रोसेसर याच वाटेवर खोळंबतो.

खरेदीतला धोका: ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या काही ८ जीबी डीडीआर३ स्टिकवर बारीक अक्षरात 'फक्त एएमडी' लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. त्यांच्या चिप्सची अंतर्गत रचना इंटेलच्या या पिढीचा मेमरी कंट्रोलर वाचू शकत नाही. लावल्या की पॉवरचं बटण अंबर रंगात लुकलुकतं आणि मॉनिटर काळाच राहतो. स्टिक खराब नसते, मशीन खराब नसतं, दोघांचं जमत नाही एवढंच. जुन्या ब्रँडेड पीसीतून काढलेली वापरलेली स्टिक घेणं त्यापेक्षा बरं.

लावल्यावर मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी. सेकंड हँड रॅममधला एखादा खराब बिट रोजच्या कामात दिसत नाही, सेव्ह फाइल मात्र बिघडवतो.

पेजफाइल बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बंद केलेली नाही, विंडोजवरच सोपवली आहे. बंद असेल तर मेमरी भरल्यावर गेम सरळ डेस्कटॉपवर फेकतो.

१६ नोव्हेंबर : एसएसडी

या गेमला एसएसडी 'आवश्यक' का, ते हार्ड डिस्कवर दहा मिनिटं चालवून कळतं. टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) एकसंध फाइल म्हणून लोड होत नाहीत. व्हर्च्युअल टेक्स्चरच्या पद्धतीने कॅमेऱ्यासमोर जेवढं येईल तेवढे तुकडे त्या क्षणी डिस्कवरून उचलले जातात. संभाषणात कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि हार्ड डिस्कचं हेड तिथे पोचेपर्यंत समोरचा टक्कल पडलेला, मेणाच्या चेहऱ्याने बोलत असतो. सेटिंगमध्ये 'स्लो एचडीडी मोड' आहे, त्याने थोडं सुसह्य होतं. बरं होत नाही.

साधी २.५ इंची साटा एसएसडी, ५०० जीबी. या मदरबोर्डवर एम.२ स्लॉट नाही. एनव्हीएमई ॲडॉप्टर कार्डावर बसवता येते, पण मूळ बायोस तिच्यावरून बूट होत नाही, आणि साटाच्या साधारण ५५० एमबी प्रति सेकंदात या गेमचं भागतं. तो खटाटोप वाचवला.

२५० जीबी घेऊन चालेल का? बसेल, पण पहिल्या मोठ्या अपडेटला अडेल. गेमचा डेटा अनेक जीबींच्या अवाढव्य पॅक फाइलींमध्ये आहे. स्टीम अपडेट करताना बदललेली पॅक फाइल जागच्या जागी दुरुस्त करत नाही, शेजारी नवी बांधतं आणि मग जुनी काढतं. डाउनलोड छोटं दिसलं तरी रिकामी जागा त्याच्या कितीतरी पट लागते. जागा नसेल तर गेम काढून पुन्हा उतरवणं एवढाच मार्ग उरतो, आणि १५० जीबी ५० एमबीपीएस लाइनवर कमीत कमी पावणेसात तास घेतात.

जुनी हार्ड डिस्क सेव्हच्या बॅकअपसाठी ठेवली.

२२ नोव्हेंबर : ग्राफिक्स कार्ड

कार्ड निवडताना वेगाच्या आधी एसएमपीएस बघावा लागतो. ९०२०चा एसएमपीएस नेहमीच्या २४ पिनांचा नाही. मदरबोर्डला ८ पिनांचा डेलचा स्वतःचा कनेक्टर जातो, आणि डिस्कला लागणारी साटा पॉवर मदरबोर्डमधून निघते. ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ६ पिनांची वायर मुळातच नाही.

'साटा टू सिक्स पिन' कन्व्हर्टर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि तो लावायचा नाही. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ ॲम्पिअर, एकूण ४.५ ॲम्पिअर म्हणजे ५४ वॉट. ६ पिनांचं कार्ड त्या वाटेने ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. इथे ते मदरबोर्डवरच्या पट्ट्यांमधून जाणार. प्लास्टिक वितळल्याचा वास येईपर्यंत सगळं छान चालतं.

दोन मार्ग राहतात. एक, २४ पिनांवरून ८ पिनांचा ॲडॉप्टर घेऊन चांगला ४५० वॉटचा एसएमपीएस बसवायचा आणि आरएक्स ५८० ८ जीबीसारखं कार्ड घ्यायचं. दुसरा, मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस (पुढे नुसतं पीसीआय) स्लॉटच्या ७५ वॉटमध्ये चालणारं, वेगळी वायर न मागणारं कार्ड. दुसरा घेतला. त्या गटातली छाननी अशी:

जीटीएक्स ७५० टीआय आणि साधं १०५०: २ जीबी मेमरी, गेमला ४ हवी. बाद.

जीटीएक्स १०५० टीआय: ४ जीबी आहे, पण पास्कल पिढीचा शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये आला. पुढे ऑक्टोबर २०२८पर्यंत तिमाही सुरक्षा अपडेट तेवढे मिळतील. घरात असेल तर वापरावं, नव्याने पैसे घालू नयेत.

आरएक्स ६४००: ताकद पुरेशी, पण पीसीआयच्या फक्त ४ लेन वापरतं. पीसीआय ४.०वर ते खपतं. आपला स्लॉट ३.०चा, म्हणजे साधारण ४ जीबी प्रति सेकंद. कार्डाची ४ जीबी मेमरी भरून वाहिली की जास्तीचा माल याच बोळातून रॅममध्ये ये-जा करतो आणि चित्र अडखळतं.

जीटीएक्स १६५०: ४ जीबी, १६ लेन, ट्युरिंग पिढी, ड्रायव्हर चालू. किमान यादीतल्या जीटीएक्स ९७०च्या तोलामोलाचं, किंचित कमीच. हे घेतलं. घेताना कार्डाची वरची कड बघायची, कारण काही १६५० कार्डांवर ६ पिनांचा कनेक्टर असतो, ती आपल्या कामाची नाहीत. स्मॉल फॉर्म फॅक्टरचा ९०२० असेल तर लो-प्रोफाइल आणि आखूड ब्रॅकेटचं शोधावं लागेल.

विजेचा हिशेब: प्रोसेसर ८४, कार्ड ७५, बाकी सगळं ३०-४०. दोनशेच्या आसपास. २९०मध्ये बसतं.

मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. लिहायची गरज नसावी, पण दुकानदार याच तक्रारीवर चहा पितात.

२३ नोव्हेंबर : पहिली चाचणी आणि सेटिंग

लाँचर व्हल्कन आणि डायरेक्टएक्स ११ (गेमने ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या दोन पद्धती) असे दोन पर्याय देतो. बिन फोल्डरमध्ये दोन वेगळ्या फाइली आहेत: नुसत्या बीजी३ नावाची व्हल्कनची, डीएक्स११ शेपटीची दुसरी. दुसरीचा शॉर्टकट करून लाँचरच टाळला. तो मागे चालू राहून रॅम अडवतो.

४ जीबी कार्डावर डायरेक्टएक्स ११ घेण्याचं कारण मेमरी. त्यात कार्डाच्या मेमरीत काय ठेवायचं आणि काय रॅममध्ये ढकलायचं हे ड्रायव्हर बघतो, आणि तो त्यात मुरलेला आहे. व्हल्कनमध्ये ती जबाबदारी बहुतांशी गेमवर असते. मेमरी काठोकाठ भरली की या मशीनवर व्हल्कनचे झटके जास्त येतात. ८ जीबी कार्ड असेल तर दोन्ही लावून पाहावेत.

सेटिंग: टेक्स्चर मीडियम, मॉडेल लो, सावल्यांची गुणवत्ता लो, धुकं आणि ढग लो, गॉड रेज आणि डेप्थ ऑफ फील्ड बंद, टेक्स्चर फिल्टरिंग ॲनायसोट्रॉपिक ४एक्स. शेवटचं जवळजवळ फुकट आहे आणि लांबची फरशी स्पष्ट दिसते. सावल्या संपूर्ण बंद केल्या की गुहांमध्ये माणसं जमिनीवर तरंगल्यासारखी दिसतात, म्हणून लोवरच ठेवल्या.

अपस्केलिंगला (लहान चित्र ताणून मोठं करायला) एनव्हिडियाचं डीएलएसएस नाही, त्याला आरटीएक्स कार्ड लागतं. एएमडीचं एफएसआर २.२ 'क्वालिटी'वर ठेवलं, म्हणजे गेम १२८० बाय ७२०मध्ये रंगवतो आणि १०८०ला ताणतो. 'परफॉर्मन्स'ला आतलं चित्र ९६० बाय ५४० होतं आणि केसांच्या बटा चालताना चमचमतात. एफएसआर १.०ही यादीत आहे. ते हलकं पडतं, पण कडा करवती दिसतात.

किनारा ४५ ते ५० फ्रेम, ग्रोव्ह ४०च्या आसपास. ३०ला लॉक केलं. ४०ला का नाही? ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोन रिफ्रेश टिकतं. ४०ला एक चित्र एक रिफ्रेश, पुढचं दोन, असं वाकडं पाऊल पडतं आणि कॅमेरा फिरवताना लचकतं. लॉक रिव्हाट्यूनर या फ्रेमरेट आवरणाऱ्या सॉफ्टवेअरमधून लावला. गेममधल्या फ्रेम कॅपपेक्षा त्याचा फ्रेमटाइमचा आलेख सरळ येतो.

२९ नोव्हेंबर : लोअर सिटी

अपेक्षेप्रमाणे इथे गाडी बसली. २० ते २४ फ्रेम, बाजाराच्या चौकात १५, आणि कॅमेरा वळवला की धक्के.

अडतं कुठे ते आधी ठरवायचं. आफ्टरबर्नर या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वापर ६० टक्के, प्रोसेसरचे चारही थ्रेड १००वर. खात्रीसाठी रिझोल्यूशन थेट ७२०पीला आणलं: फ्रेम जागच्या जागी. म्हणजे कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट पाहतं आहे. अशा वेळी एफएसआर 'परफॉर्मन्स'ला नेणं, सावल्या कमी करणं यातून चित्र खराब होण्यापलीकडे काही निघत नाही. तिसऱ्या अंकासाठी महागडं कार्ड आणून निराश झालेले बहुतेक लोक इथेच चुकलेले असतात.

प्रोसेसरचं ओझं हलकं करणारी सेटिंग मोजकी. 'डायनॅमिक क्राउड्स' बंद केलं: रस्त्यावरचे लोक राहतात, पण इकडेतिकडे फिरत नाहीत. 'ॲनिमेशन एलओडी' लो: लांबच्या माणसांच्या हालचाली कमी वेळा मोजल्या जातात, त्या थोड्या तुटक दिसतात. इन्स्टन्स डिस्टन्स (वस्तू किती अंतरापर्यंत दाखवायच्या) लो. तिन्ही मिळून चौकात १५चे २० झाले.

मग आय७-४७७०. तेच सॉकेट, तेच ८४ वॉट, ३.४ ते ३.९ गिगाहर्ट्झ, आणि मुख्य म्हणजे आठ थ्रेड. चार थ्रेडवर गेमचं मुख्य काम, ड्रायव्हर, ऑडिओ, डिस्कवरून टेक्स्चर उलगडणं हे सगळे एकमेकांना ढकलतात, आणि धक्के तिथून येतात. नावात के असलेला ४७७०के जास्त पैसे देऊन घेऊ नये, या बोर्डवर ओव्हरक्लॉक होत नाही. काढताना सॉकेटच्या पिनांना बोट लागता कामा नये. प्रोसेसर सरळ वर उचलायचा, कडेच्या दोन खाचा जुळवून सरळ खाली ठेवायचा, दाबायचा नाही.

निकाल: शहरात २७ ते ३२, चौकात क्वचित २५. सरासरीतली वाढ डोळ्यांत भरणारी नाही, पण फ्रेमटाइमच्या आलेखावरचे सुळके जवळपास गेले. लक्ष्य शंभर टक्के गाठलं नाही. खेळताना ते जाणवत नाही.

शहरात सगळं उशिरा घडत असेल, म्हणजे क्लिक केल्यावर दोन-तीन सेकंदांनी माणूस हलत असेल, तर तो फ्रेमरेटचा प्रश्न नाही. चोऱ्यामाऱ्या आणि हाणामाऱ्यांच्या नोंदी निकाली न निघता सेव्हमध्ये साचत आणि गेम त्यांचाच विचार करत बसे. लारियनने २०२४च्या सुरुवातीला त्यावर दुरुस्ती दिली. जुनी आवृत्ती अडवून धरणाऱ्यांना हे अजून भोवतं.

मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षात्रुटींविरुद्धची संरक्षणं बंद करून फ्रेम वाढवण्याचा उपाय जुन्या इंटेलसाठी सुचवला जातो. चार-दोन फ्रेमसाठी नेटवरचं मशीन उघडं टाकण्यात अर्थ नाही. तो घेतलेला नाही.

६ डिसेंबर : विंडोज १० की लिनक्स

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. विंडोज ११च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे इंटेल नाहीत. म्हणून वेगळ्या एसएसडीवर लिनक्स मिंट आणि स्टीम टाकून पाहिलं.

गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीमची सोय) पहिल्या फटक्यात सुरू होतो. पहिल्यांदा स्टीम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करत बसतं, तोवर सगळे कोर १००वर. ते मध्येच तोडलं तर खेळताना धक्के मोजावे लागतात. डायरेक्टएक्स ११ इथे डीएक्सव्हीके या अनुवादकामार्फत शेवटी व्हल्कनवरच चालतं, आणि एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरवर ४ जीबी भरून वाहिली की विंडोजइतकं सांभाळून घेतलं जात नाही. टेक्स्चर मीडियमवरून लोवर आणल्यावर झटके थांबले. शहरात विंडोजपेक्षा दोन-तीन फ्रेम कमी.

सेव्ह स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये १०८६९४० क्रमांकाखाली जातात. मिंट पुसून नवं टाकण्याआधी तो फोल्डर उचलून ठेवायचा.

सप्टेंबर २०२५मध्ये आलेली नेटिव्ह आवृत्ती स्टीम डेकसाठी आहे. बाकी लिनक्स मशीनना लारियन आधार देत नाही, त्यामुळे इथे प्रोटॉनच.

७ डिसेंबर : यूपीएस आणि उरलेली कामं

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो, मॉनिटर धरून पुरतो. मात्र स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस त्यावर कधीकधी बंद पडतो. गेम चालू असताना प्लग काढून तपासलं: टिकला. रिकाम्या डेस्कटॉपवर केलेली हीच चाचणी काही सांगत नाही, तेव्हा भार निम्माही नसतो.

ऑटोसेव्ह चालू ठेवले, पण कमाल संख्या पाचवर आणली. क्विकसेव्हही पाच. यादी लांबली की लोडचा मेनू उघडायलाच वेळ लागतो, आणि गेम बंद करताना क्लाउड सिंक रखडतं.

बाकी राहिलं: कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला धुता येणारा फिल्टर, आणि एप्रिलअखेर तापमान पुन्हा मोजणं. तेव्हा प्रोसेसर ९०च्या वर दिसला तर बायोसमधून टर्बो बंद करून ३.४वर शहर कसं चालतं ते पाहायचं.